चुकलं तरी चालतं

— अरे नाही, बूट असू देत, फरशी मी नंतर पुसणारच आहे. आत ये आधी. दारात नको उभा राहूस, समोरून दिसतं. आणि बस, वेळ आहे अजून — खीर झालीये, पुरण झालंय, कणीक मुरतीये. दिवसाला एक पाहुणा चालतो आणि आजचा पाहुणा तू. ज्ञानदा ब्रेडाहून येणार होती, लेकीला म्हटलं तू उद्याच ये, थेट दफनभूमीत — म्हणजे कुणाची जागा अडवून बसलायस असं नाही. मास्क ठेव हवा तर. काढ हवा तर. मला दोन्ही चालतं. नवव्या महिन्यात तुझ्या पोरीचं उष्टावण म्हणजे छानच, मुलींची विषम महिन्यातच करतात. फोटो पाहिला मी ग्रुपवर. कपाळ चैत्रालीचं आहे. ती भिंतीकडची खुर्ची घे, ही नको, हिचा पाय हलतो.

बरं झालं आलास, माझं एक काम होतं तुझ्याकडे. तुझं डच चांगलं ना — गुरुनाथ सांगायचा, यतीन ऑफिसात डचमध्ये विनोद करतो आणि डच लोक हसतातसुद्धा. तर मला उद्या डचमध्ये बोलायचंय. माईकवर. शेजारचा टोन गेला ना, त्याचा अंत्यविधी आहे उद्या. कोविडने नाही — हे हल्ली आधी सांगावं लागतं — झोपेत गेला, चौऱ्याऐंशी वय. लशीचं बोलावणं काल आलं त्याचं. तर बोलायचं एवढंच: "खेफ्त नीत. फाउतन माकन माख." कळलं ना? म्हणजे, असू दे, काही बिघडलं नाही, चुकलं तरी चालतं. उच्चार जरा बघ माझा — तो ख घशातून येतोय ना? आपल्याला खोकल्यासारखा वाटतो आणि हल्ली खोकलं की लोक मागे सरकतात. तर तेवढंच बोलायचं. आणि त्यावरून परवा समोरची रीट माझ्या दारात येऊन म्हणाली, ते बोलू नकोस. मी टोनला शब्द देऊन बसलीये की बोलेन. आता त्याला काही विचारता येत नाही. म्हणून तू ऐक, आणि सांग, बोलू की नको.

टोन माहितीये ना तुला? भिंतीपलीकडचा. येताजाता पाहिला असशील, पूर्वी यायचास तेव्हा. नुसतं टोन म्हणायचं, काका नाही, आजोबा नाही. पहिल्यांदा मला तोंडातून निघेना. जन्म इथला, या बेस्ट गावातलाच — आमच्या डोंबिवलीच्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटायचं की आम्ही कुठल्यातरी बसडेपोजवळ राहतो — आणि एवढं आयुष्य एका गावात काढून त्याच्याकडे कुणी म्हणजे कुणी यायचं नाही. आम्ही सात वर्षं शेजारी, आम्हाला वाटायचं डच माणसं अशीच असतील, अपॉइंटमेंट घेऊन येत असतील, आपल्याला दिसत नसतील. गुरुनाथ आणि तो कुंपणावरून हवामानावर बोलायचे. गुरुनाथला तेवढंच डच यायचं, हवामानाचं. पाऊस येईल, पाऊस आला, पाऊस गेला.

मग गेल्या वर्षीचा चार मे. गुरुनाथला जाऊन तीन आठवडे झाले असतील नसतील. चार मेला इथे आठ वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात ना, युद्धात गेलेल्यांसाठी — तेव्हा चौकात जमायला बंदी, म्हणून सगळे आपापल्या दारात उभे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं टाळ्यांचा दिवस असेल, डॉक्टर-नर्सेससाठी वाजवायच्या तशा — आणि खरं सांगते, हातात ताट होतं माझ्या. आपल्याकडे थाळ्या वाजवल्या होत्या ना मार्चमध्ये, म्हटलं टाळीपेक्षा ताट बरं, आवाज लांब जातो. नशीब माझं, वाजवायच्या आधी मी रस्त्यावर नजर टाकली. अख्खी गल्ली पुतळ्यासारखी. रीट समोर झेंड्याखाली, हात जोडून. ताट पाठीमागे लपवलं आणि तशीच मागच्या अंगणात पळाले. तर तिथे टोन. गुडघ्यावर बसून रुबार्ब कापतोय. ते लाल देठांचं असतं ना, अंबाडीसारखं आंबट. मला वाटलं हा विसरला. मी म्हटलं, टोन, सगळे पुढे उभे आहेत, तू इथे कसा? तो म्हणाला, मी पुढे उभा राहत नाही. माझे वडील फाउट होते.

आता मला फाउट म्हणजे काय माहीत? क्लासच्या ॲपवर उत्तर चुकलं की लाल अक्षरात येतं ते. फाउट. माझ्या स्क्रीनवर तर रोज. मी म्हटलं, हा बिचारा म्हणतोय, माझे वडील चुकले. काहीतरी हिशेब चुकला असेल, भावाभावांत भांडण झालं असेल, वडिलांचं कुणाचं चुकत नाही? आणि आमच्या डच शिकवणाऱ्या मारियाबाई प्रत्येक तासाला पहिलं वाक्य हेच म्हणायच्या, आम्ही सगळे तोंड उघडायला घाबरायचो म्हणून — फाउतन माकन माख. मी तेच म्हटलं. खेफ्त नीत, टोन, फाउतन माकन माख. व्याकरण शुद्ध आलं म्हणून स्वतःवर खूशसुद्धा झाले. तो तसाच गुडघ्यावर. मग रुबार्बची जुडी माझ्या हातात दिली — ताटातच ठेवली — आणि घरात निघून गेला. मला वाटलं उच्चार चुकला.

— तो कालथा दे जरा. तो नाही, लाकडी.

दुसऱ्या दिवशी आला. दीड मीटरवर उभा, हातात परत रुबार्ब. एकटी बाई एवढ्या रुबार्बचं करणार काय? तक्कू केला, मुरांबा केला, वरणात घातला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बस, चहा घे. मग रोजच. मी त्याला चहा आणि काहीतरी खायला द्यायची, तो मला माझे शब्द सुधारून द्यायचा. गुरुनाथबद्दल त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बरं होतं ते. आपल्या लोकांचे फोन यायचे ना, सगळ्यांना सगळं पहिल्यापासून ऐकायचं असायचं — ताप कधी आला, ऑक्सिजन किती होता, हळदीचं दूध दिलं होतंस का. टोनला फक्त ‘द’ आणि ‘हेत’मधला फरक सांगायचा असायचा. कुठल्या शब्दाला कुठलं लावायचं. नियम काही नाही म्हणायचा, जन्मापासून ऐकावं लागतं.

अर्थ मला कळला जूनमध्ये. झूमवर. मारियाबाईंनी विचारलं, या महिन्यात डचमध्ये कुणाशी बोललात? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांचा चेहरा असा थांबला की मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाल्या, मंजूषा, इथे एखादा माणूस युद्धात फाउट होता म्हणजे त्याचं उत्तर चुकलं असं नाही. तो त्यांच्या बाजूला गेला. जर्मनांच्या. शब्द तोच, हो. मी विचारलं, किती वर्षं राहतं ते? त्या म्हणाल्या, आमच्या आईकडची माणसं अजून एका खाटकाकडून मटण घेत नाहीत. त्याचा नातू आहे आता दुकानात. सव्वीस वर्षांचा.

मग मी टोनला विचारलंच. मला राहवत नाही. त्याने सांगितलं, चहात बिस्किट बुडवत, जसं आपण पाऊस सांगतो तसं. वडिलांचं सायकलचं दुकान. युद्धात टायर मिळेनात, आणि टायर कुणाला मिळायचे तर जे जर्मनांच्या बाजूच्या पक्षात गेले त्यांना. तर हा गेला. टायरसाठी. पोरं चार, दुकान बंद पडलेलं, गेला. मग चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात जर्मन मागे हटायला लागले तेव्हा त्यांना सायकली हव्या होत्या पळायला. लोकांनी लपवल्या — गवतात, विहिरीत, माळ्यावर. आणि कुणाकडे कुठली सायकल आहे हे गावात एकाच माणसाला माहीत, कारण सगळ्यांची पंक्चरं त्यानेच काढलेली. तो फिरला त्यांच्याबरोबर. बोट दाखवत. टोन आठ वर्षांचा, वडिलांचा हात धरून सोबत. त्याला वाटलं गंमत आहे, लपाछपी. एका घरी तर टोननेच दाखवलं म्हणे, तिकडे, तिकडे, कोंबड्यांच्या मागे. ती सायकल सुईणीची होती. पुढच्या आठवड्यात रीटची आई अडली, पोर आडवं आलं. सुईण पायी निघाली. पोहोचली, पण उशिरा. रीट तीन वर्षांची होती. आईचा चेहरा तिला आठवत नाही. बाळही गेलं.

— नाही रे, उठू नकोस. पोळी तव्यावर आहे माझी. मला माहितीये तू काय विचार करतोयस, त्याचं नंतर बोलू. चैत्राली बरी आहे ना आता? मग झालं तर.

तर असा हा फाउट. आणि मी त्याला काय म्हणून बसले, तर काही बिघडलं नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं अख्ख्या गावाने जे दिलं नाही, ते डोंबिवलीच्या बाईने कच्च्या डचमुळे एका वाक्यात देऊन टाकलं. आता परत कसं घेऊ? टोन, माझं ते वाक्य परत दे, मला तुझ्या भाषेतला अर्थ माहीत नव्हता? नाही घेतलं. आणि डिसेंबरात एकदा मटार सोलताना तो म्हणाला, मी गेलो की तू तिथे तेच वाक्य म्हण. बाकी कुणी काही बोलणार नाहीये. मी म्हटलं हो. हो म्हणायचं असलं की माझं डच एकदम चांगलं असतं.

मग जानेवारीत संचारबंदी. युद्धानंतर पहिल्यांदाच म्हणे, सगळे वर्तमानपत्रवाले त्यात एवढे रंगले की विचारू नकोस. तसं वर्षभर युद्धच चालू होतं की टीव्हीवर — शत्रू अदृश्य, आघाडीवर डॉक्टर, आणि आपण सगळे घरचे सैनिक, सोफ्यावर बसून लढायचं. आपला मराठी ग्रुप तर वॉररूमच. कुणाच्या दारात कुणाची गाडी दिसली, कोण कुणाच्या बाल्कनीत वडे खात होतं. त्या नीळकंठने नाही का, गणपतीला पाच माणसं जमली म्हणून जोशांचा फोटो टाकला, खाली हात जोडलेली बाहुली. तर सांगत काय होते — एकदा टोन माझ्याकडे बसला, कोडं सोडवत बसलो आणि नऊ वाजून गेले. आता माझ्या दारातून त्याच्या दारात जायला कुंपण ओलांडलं की झालं. तो गेला. दुसऱ्या दिवशी गणवेशातली दोन मुलं त्याच्या दारात. तक्रार आहे, या पत्त्यावरचे गृहस्थ संचारबंदीत बाहेर दिसले. कुणी केली ते सांगत नाहीत, पण समोर खिडकी एकच आहे. पडदा हलत होता. मुलं बिचारी लाजली, म्हातारा बघून. आणि टोन काय म्हणाला माहितीये त्यांना? म्हणाला, बरोबर केलं ज्याने केलं त्याने. पूर्वी हे काम आमच्या घरचं होतं.

हसलास. मीही हसले. मुलांना काही कळलं नाही. रीटला कळलं असणार, ती दार उघडं ठेवून ऐकत होती.

तीच रीट परवा आली. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. मला वाटलं कोथिंबिरीच्या वासाची तक्रार असेल. म्हणाली, तू उद्या-परवा बोलणार आहेस असं ऐकलं. तो मेला, मला आनंद नाही, मी येणार आहे, मागच्या बाकावर बसेन. तू त्याच्याबद्दल काहीही चांगलं बोल, तो तुझा शेजारी होता. फक्त ते वाक्य नको. ते तुझं नाही. असंच म्हणाली — ते तुझं नाहीये बोलायला. आवाज चढवला नाही. आणि जाताना म्हणाली, तुझे मिस्टर चांगले होते, माझी कचऱ्याची पेटी आणून ठेवायचे.

मी दार लावलं आणि इथे बसले, तू बसलायस तिथेच. तिचं बरोबर आहे ना? आई तिची गेली. आणि टोनचंही — तो आठ वर्षांचा होता रे. बोट त्याने दाखवलं, पण बोट केवढं ते. मला आता वाटतं तो वडिलांबद्दल विचारतच नव्हता. त्या दिवशी गुडघ्यावर बसून. नाहीतर रोज आला असता का? वडिलांसाठी कुणी रोज येतं का?

आणि मला का दोघांचंही कळतं, तर — अरे, गुरुनाथच्या अंत्यविधीला आम्ही तीस माणसं बोलवू शकत होतो. तुला माहितीये, एप्रिलमध्ये तीसची परवानगी होती. आम्ही सात होतो, त्यातले दोघे तिथले कर्मचारी. ज्ञानदाने फोन स्टँडवर लावून दिला होता, बाकी सगळे चौकोनात. तू होतास, नाव होतं तुझं, कॅमेरा बंद. मी दोष देत नाहीये. चैत्रालीला सातवा होता, कोण येईल? मीच म्हटलं असतं, येऊ नकोस. फोन केला असतास तर मीच म्हटलं असतं. आणि मध्येच कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. म्यूट करायचं राहिलं असेल. चार शिट्ट्या झाल्या, मग कुणीतरी गॅस बंद केला. तुमच्याकडचा होता का? असेल तर सांग, मी हसेनच. गुरुनाथ तर नक्की हसला असता, म्हणाला असता यतीनची डाळ शिजली. किती वर्षं जेवलास तू या टेबलावर, लग्नाआधी? रविवारचे रविवार. तुला पोळी वाढली की तो माझ्याकडे बघून भुवई उडवायचा.

बाहेर आलो तेव्हा फाटकाशी टोन उभा. सायकल धरून. बोलावला नव्हता, कुंपणावरून पाऊस आला-गेला एवढीच ओळख. डोक्यावरची टोपी काढली, गाडी जाईपर्यंत उभा राहिला आणि परत सायकलवरून घरी. वाऱ्यात. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही की हा माणूस लोकांत जात नाही.

तुझा डबा मिळाला होता मला. दारात ठेवलास, बेल वाजवलीस, मी उघडेपर्यंत गाडी वळली होती. मुगाची खिचडी. चैत्रालीने केली होती ना? चांगली होती. मग मे गेला, जून गेला, लोक समुद्रावर गेले, दुकानं उघडली, तू बाळ झाल्याचे पेढे ग्रुपवर वाटलेस, फोटोतले. तेव्हा तीन माणसांना परवानगी होती घरात. नंतर चार. नंतर सहासुद्धा होती मध्ये, बघ. मी नियम पाळणारी बाई, मला सगळे पाठ आहेत.

असो. तर उद्याचं. नाही, तू नको सांगूस, बोलता बोलता माझं ठरलं. बोलणार मी. रीट मागच्या बाकावर असेल, तिच्याकडे बघणार नाही, किंवा बघेन. आधी सांगेन की हे माझ्यापुरतं आहे, फान माय, बाकी कुणाच्या वतीने नाही — बरोबर आहे ना, फान माय? — आणि मग म्हणेन. तिला लागेल. लागू दे, तिचा हक्क आहे तो, तिने हवं तर माझ्याशी पुन्हा बोलू नये. पण तो तिथे पडलेला असताना मी शब्द फिरवणार नाही. आणि मला ते जड जाणार नाही, खरं सांगते. त्या दोन वाक्यांत माझं काही नाहीच. माझी आई नाही, माझी सायकल नाही. पाढ्यासारखी म्हणता येतात.

— घे. बारा पोळ्या, तूप वेगळं दिलंय, खीर या डब्यात. बाळाला बोटाने चाटव, चमचा नको पहिल्यांदा. डबे परत आणायची घाई नाही.

काय?

बस खाली. नाही, बसू नकोस, उभाच राहा. मास्कमधून काही कळलं नाही मला. काढ तो.

हं.

ऐकलं. ऐकलं रे मी. परत नको म्हणूस. चुकलं म्हणतोयस, ते मलाही माहितीये, आणि काय चुकणार होतं तुझं, गरोदर बायको घरात, सगळं जग घाबरलेलं. तुझ्या जागी मी असते तर मीही गाडी वळवली असती. हे सगळं मी रोज म्हणते स्वतःशी, भांडी घासताना. पण तू आता माझ्याकडे बघून जे मागतोयस ना, यतीन — ते डचमध्ये विचारलं असतंस तर मी दिलंही असतं. लगेच. ख घशातून काढून.

मराठी मला येतं.

जा तू. पोळ्या वाफेने ओल्या होतील.